व्योमविहारी जे. आर. डी. टाटा

यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडलेले चरित्र आपल्या ज्ञातीतील पुरुषाचे नाही, ही गोष्ट काही वडीलधाऱ्या मंडळींस खटकण्याचा संभव आहे. परंतु धायरीतील आपल्या घराघरांतल्या मुलांना टाटा हे नाव मोटारींवरून आणि मिठाच्या पुड्यावरून ठाऊक असते. हा मनुष्य स्वतः विमान चालवीत असे, आणि तेही पेट्रोलाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. म्हणून हा प्रपंच.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ हे फ्रान्समधील समुद्रकाठच्या आर्देलो गावी त्यांचे शेजारी होते. तेथेच या बालकास आकाशाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

पुढच्याच वर्षी आगाखान यांनी लावलेल्या पाचशे पौंडांच्या बक्षिसासाठी, हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने एका महिन्यात पुरा करण्याच्या इर्ष्येने, ते कराचीहून जिप्सी मॉथ विमान घेऊन निघाले. हे विमान उघड्या बैठकीचे. ऊन, वारा व यंत्राचा घोंगाट थेट अंगावर घ्यावयाचा. इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांना उलट दिशेने येणारा प्रतिस्पर्धी भेटला. तो अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण होता, आणि स्पार्क प्लगांवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. त्याने त्यांना आपले तरंगण्याचे जाकीट दिले. अस्पीने शर्यत जिंकली. हाच तरुण पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. स्वतःचे बक्षीस अशा रीतीने परक्याच्या पदरात टाकणारी माणसे आपण किती पाहिली आहेत, हे ज्याचे त्याने आठवावे.

लहान विमानाच्या दूरच्या प्रवासात खरा शत्रू वादळ नव्हे, तर टाकीतील पेट्रोल. एका गॅलनचे वजन सुमारे सात पौंड भरते. पेट्रोल अधिक घ्यावे तर टपाल कमी, टपाल अधिक घ्यावे तर पल्ला कमी. शिवाय वाऱ्याची लहर निराळीच. कराची ते अहमदाबाद हे अंतर सुमारे पावणेचारशे मैल. ताशी शंभर मैलांच्या विमानास त्यासाठी पावणेचार तास पुरतात. परंतु समोरून ताशी वीस मैलांचा वारा सुटला, तर त्याच वाटेस पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. हा जादा तास टाकीत आधीच शिल्लक असावा लागतो. वैमानिकाच्या देहाचाही हिशेब असतोच. लघुशंकेची सोय नाही म्हणून पाणी न प्यावे, तर उन्हाने डोके जड होते, नजर मंदावते. आणि थकलेला वैमानिक पेट्रोलाच्या काट्याकडे पाहावयास विसरतो. उन्हे तापली की जमिनीलगतची हवा विमानास सुपातल्या दाण्यांसारखी उडविते, म्हणून शहाणा वैमानिक पहाटेच निघतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा कराचीहून पुस मॉथ विमानातून निघाले. या विमानाची बैठक बंदिस्त होती, हा वैमानिकास मोठाच दिलासा. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल व गणितासाठी सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल. बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादेस बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीवरून डब्यांतून आले व हातांनी टाकीत ओतले गेले. दुपारी विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. देशातील नियमित हवाई टपालाचा तो आरंभ होय. पहिल्या वर्षात त्यांच्या विमानांनी एक लक्ष साठ हजार मैल मजल मारली.

आम्हा पुणेकरांस विशेष जिव्हाळ्याची गोष्ट पुढेच आहे. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक व तीन यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्यास हलविण्यात येई, आणि येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या मैदानावरून काम चाले. आषाढातील ढगांनी वेढलेले घाटमाथे धायरीकरांच्या नित्य परिचयाचे. त्या दिवसांत घाटावरून विमान नेणे म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावयास नको.

१९३८ साली टाटा उद्योगसमूहाची धुरा त्यांच्याकडे आली. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ते त्यांना पसंत नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, आणि प्रवाशाच्या चहाच्या रंगापासून खुर्चीपर्यंत सर्व बाबी ते टिपून ठेवीत. १९७८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. पॅरिस येथील पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.