खापरांची भाषा जाणणारे सांकलिया

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. देहयष्टी कृश, परंतु ज्ञानाची भूक मोठी. नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते लंडनला गेले व १९३७ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. ग्रंथालयातील अभ्यासाहूनही मोलाचे शिक्षण त्यांना मेडन कॅसल या प्राचीन दुर्गाच्या उत्खननात लाभले. मातीचा एकेक थर निराळा कसा ओळखावा, हे ते तेथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली शिकले.

१९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होताच त्यांनी ही विद्या महाराष्ट्राच्या भूमीत रुजविली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती सापडली होती. भूमध्य समुद्राचा देव पंचगंगेच्या तीरी आला कसा? १९४५-४६ साली सांकलियांनी मोरेश्वर दीक्षित यांच्यासह तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. पुढे प्रवरेकाठच्या नेवाशास त्यांना रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. मूर्ती काय, एखादा हौशी धनिकही मागवील. फुटक्या कुंभांचे तुकडे मात्र व्यापाराची साक्ष देतात. धनाच्या शोधात असणाऱ्यास ती कवडीमोल वाटली असती. सांकलियांच्या उत्खननांत प्रत्येक खापर धुऊन, थराची नोंद करून जपले जाई. त्यांचे शिष्यही खड्ड्यात उतरूनच तयार झाले.

१९८९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. पोसिडॉनची ती मूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे.