निसटत्या क्षणाचा साक्षीदार

पॅरिसमधील सँ-लाझार रेल्वे स्थानकामागे पाणी साचले होते. एका माणसाने त्या पाण्यावरून उडी घेतली. त्याची टाच पाण्याला टेकण्यापूर्वीच, कुंपणाच्या फटीतून पाहणाऱ्या एका तरुणाने कॅमेऱ्याची कळ दाबली. १९३२ मध्ये टिपलेले हे छायाचित्र पुढे जगभर गाजले. तो तरुण म्हणजे आँरी कार्तिए-ब्रेसाँ. अशी छायाचित्रे नशिबाने मिळतात, असा समज आहे. ब्रेसाँ यांचे आयुष्य मात्र वेगळेच सांगते.

त्यांचा जन्म २२ ऑगस्ट १९०८ रोजी पॅरिसजवळील शांतलू येथे सुताच्या व्यवसायातील सधन कुटुंबात झाला. वडिलोपार्जित उद्योगात त्यांना रस नव्हता. आंद्रे लोत या चित्रकाराकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. चौकटीत काय कुठे असावे, याची शिस्त त्यांच्या नजरेला तेथेच लागली. पुढे ते आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टला गेले. तेथे शिकारीवर गुजराण करीत असताना गंभीर तापाने ते मरणाच्या दारात पोहोचले. त्यातून सावरून फ्रान्सला परतल्यावर मार्टिन मुंकाची यांचे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. आफ्रिकेतील तीन मुले सरोवराच्या लाटांकडे धावत सुटली आहेत, असे ते दृश्य. धावता क्षण कॅमेऱ्यात असा बांधता येतो, हे त्यांना प्रथमच उमगले.

१९३२ मध्ये मार्सेय येथे त्यांनी लायका कॅमेरा घेतला. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला हा कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला होता. तळहातात मावणाऱ्या या यंत्रात चित्रपटासाठीची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरली जाई आणि एका रिळात ३६ छायाचित्रे निघत. तिपाई, काचेच्या प्लेट यांचे ओझे संपले. ब्रेसाँ यांनी कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले. बहुतेक काम त्यांनी ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केले आणि फ्लॅश कटाक्षाने टाळला. अंतर आधीच जुळवून ठेवायचे, जागा हेरायची आणि माणसे आपसूक चौकटीत येईपर्यंत थांबायचे, ही त्यांची रीत. घेतलेल्या चित्राला नंतर कात्री लावणे त्यांना मंजूर नसे. सँ-लाझारचे चित्र मात्र याला अपवाद होते, कारण फटीत भिंग पुरते मावले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जून १९४० मध्ये ते जर्मनांच्या हाती लागले. कैदेपूर्वी त्यांनी आपला कॅमेरा व्होज भागातील एका शेतात पुरून ठेवला होता. पळून जाण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसरा १९४३ मध्ये यशस्वी झाला. पुरलेला कॅमेरा त्यांनी पुन्हा उकरून काढला. ते युद्धात मरण पावले अशा समजुतीने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन योजले होते. १९४७ मध्ये ते भरले, तेव्हा छायाचित्रकार स्वतः हयात होता! त्याच वर्षी रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांच्यासह त्यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली.

पाठोपाठ ते भारतात आले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासित त्यांनी टिपले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीतील बिर्ला भवनात त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली व आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका दाखवली. ते बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ब्रेसाँ धावतच माघारी आले. त्या रात्री फाटकापाशी जमलेल्या लोकांना पंडित नेहरू ती वार्ता सांगत असतानाचे त्यांचे छायाचित्र पुरेशा उजेडाअभावी काहीसे अस्पष्ट आहे. तरीही त्या रात्रीचा आकांत आजही त्यात जाणवतो. अंत्ययात्रेतील गर्दीत मिसळून त्यांनी घेतलेली छायाचित्रे ‘लाइफ’ नियतकालिकातून जगापुढे गेली. तेथे दुसरी संधी नव्हती आणि कुणाच्या दुःखाला थांबायला सांगण्याचा अधिकारही नव्हता. छोट्या, निःशब्द कॅमेऱ्याचे मोल त्या दिवशी सिद्ध झाले.

चीनमधील सत्तांतर, स्टालिनच्या मृत्यूनंतरचे मॉस्को असे अनेक कालखंड त्यांनी टिपले. १९५२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर रूढ झाली.

सत्तरच्या दशकात मात्र त्यांनी कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि पुन्हा पेन्सिल हाती घेतली. ३ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी दक्षिण फ्रान्समधील माँजुस्तँ येथे त्यांचे निधन झाले. सेकंदाचा अंश पकडणाऱ्या या कलावंताने अखेरची तीस वर्षे संथपणे रेषा ओढण्यात घालवली. वरवर हा विरोधाभास वाटतो. पण कळ दाबण्याच्या घाईपेक्षा पाहण्याचा संयमच त्यांचे खरे भांडवल होते, हे लक्षात घेतले की तो उरत नाही.