न घेतलेल्या पेटंटची गोष्ट

मेडिकलच्या दुकानात मिळणारी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी सगळ्यांना माहीत असते. कॅन्सरच्या काही औषधांच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ असतं, हेही कुणाकुणाच्या लक्षात आलं असेल. या दोन्हींचं मूळ शोधत गेलं, तर आपण केंब्रिजमधल्या एका प्रयोगशाळेत पोचतो. तिथे काचेच्या बशीत उंदराच्या पेशी वाढत होत्या आणि त्या वाढवणाऱ्यांपैकी एक होते सेझार मिलस्टीन.

सेझारचा जन्म ८ ऑक्टोबर १९२७ चा, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका या गावातला. वडील स्थलांतरित ज्यू, आई शिक्षिका. ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठात तो रसायनशास्त्र शिकला. पण टॉपर वगैरे अजिबात नव्हता. अभ्यासापेक्षा विद्यार्थी संघटनेतच जास्त रमायचा. तिथेच सेलिया भेटली. १९५३ मध्ये लग्न झालं आणि दोघं चक्क वर्षभर लिफ्ट मागत युरोप भटकले! परत आल्यावर पीएचडी सुरू झाली. खिशात पैसे नसल्यामुळे दोघांनी अर्धवेळ नोकऱ्या धरल्या.

पुढे केंब्रिजला त्याने दुसरी पीएचडी केली आणि फ्रेडरिक सँगर यांच्यासोबत कामही केलं. तिथेच राहणं सोपं होतं, पण १९६१ मध्ये तो मायदेशी परतला. ब्युनोस आयर्सच्या माल्ब्रान संस्थेत नवा विभाग उभा करायचं काम त्याच्याकडे आलं. वर्षभरातच लष्कराने सत्ता उलथवली. उदारमतवादी विचारांच्या शास्त्रज्ञांवर संक्रांत आली, संस्थेच्या संचालकांना काढून टाकलं गेलं. सेझारपुढे दोनच वाटा होत्या : गप्प बसून खुर्ची टिकवायची किंवा सगळं सोडायचं. त्याने राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये पुन्हा केंब्रिज गाठलं.

आता सँगर यांच्या सल्ल्याने मिलस्टीन प्रतिपिंडांकडे, म्हणजे अँटिबॉडीजकडे वळले. बाहेरचा शत्रू शरीरात शिरला की आपल्या बी पेशी त्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतात. पण एकाच शत्रूविरुद्ध अनेक प्रकारच्या पेशी कामाला लागतात, त्यामुळे रक्तात प्रतिपिंडांची खिचडी असते. त्यातलं एकच शुद्ध स्वरूपात हवं असेल तर? एक बी पेशी निवडून वाढवावी, तर ती बशीत काही दिवसांत मरते. उलट मायलोमा ही कॅन्सरची पेशी बशीत वाढतच राहते, पण तिचं प्रतिपिंड कशाविरुद्ध आहे याचा पत्ता नसतो.

१९७४ मध्ये जॉर्जेस कोहलर हा तरुण संशोधक मिलस्टीन यांच्याकडे आला. दोघांनी ठरवलं, या दोन पेशींची मोटच बांधायची. उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या, मग त्याच्या प्लीहेतल्या पेशी काढून मायलोमाच्या पेशींशी जोडल्या. त्या ज्या द्रावणात ठेवल्या, त्यात नुसत्या मायलोमा पेशी तगत नाहीत आणि प्लीहेच्या पेशी तर आपोआपच मरतात. उरते ती फक्त संकरित पेशी. तिच्यात एकीची ओळख आणि दुसरीचं दीर्घायुष्य!

निकाल पाहायला कोहलर तळघरातल्या प्रयोगशाळेत गेला, तेव्हा कंटाळा येऊ नये म्हणून बायकोलाही सोबत घेऊन गेला होता. पेशींभोवती मेंढीच्या रक्तपेशी फुटून स्वच्छ वर्तुळं उमटली होती. म्हणजे हवं तेच प्रतिपिंड बनत होतं. आनंदाच्या भरात पठ्ठ्याने बायकोचं चुंबनच घेतलं.

ऑगस्ट १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. याचं पेटंट घ्यावं का, याची विचारणा मिलस्टीन यांनी वरिष्ठांमार्फत केली होती. पण संबंधित सरकारी यंत्रणेला त्यात तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही. पेटंट राहूनच गेलं. मिलस्टीन मात्र मागेल त्या प्रयोगशाळेला पेशी पाठवत राहिले. अट इतकीच, त्यातून बनलेल्या गोष्टींचं पेटंट घेऊ नका. तरीही त्यांच्याच पेशी वापरून अमेरिकेतल्या विस्टार संस्थेच्या संशोधकांनी पेटंट मिळवली. ब्रिटनमध्ये यावरून बराच गदारोळ झाला.

१९८४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिलस्टीन, कोहलर आणि नील्स येर्न यांना मिळालं. १९८६ मध्ये या तंत्राने बनलेलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. ते होतं किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी. आज या औषधांची बाजारपेठ अब्जावधी डॉलर्सची आहे. कोहलर १९९५ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी गेला. २४ मार्च २००२ रोजी केंब्रिजमध्ये मिलस्टीन यांचंही निधन झालं.

पेटंट घेतलं असतं तर कदाचित ब्रिटनला अमाप पैसा मिळाला असता. पण पेशी कुलपात राहिल्या असत्या, तर हे तंत्र इतक्या लवकर जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं असतं का? मिलस्टीन यांचं नुकसान झालं की जगाचा फायदा झाला, याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. पुढच्या वेळी ‘मॅब’ने संपणारं नाव दिसलं, की विद्यार्थी संघटनेत रमणारा आणि बेताचे मार्क मिळवणारा तो मुलगा तेवढा आठवा.