‘मेस्मराइज’ हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो मेस्मर कोण होता?

त्याची व्हाइब भारी आहे, तिची एनर्जीच निगेटिव्ह आहे, असं आपण सहज बोलून जातो. पण एका माणसातून निघून दुसऱ्यापर्यंत पोहोचणारी अशी काही शक्ती खरंच असते का? सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने ठामपणे हो म्हटलं होतं. त्याचं नाव फ्रान्झ अँटन मेस्मर.

मेस्मरचा जन्म 1734 चा, आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स सरोवराकाठचा. व्हिएन्नात तो डॉक्टर झाला आणि एका श्रीमंत विधवेशी लग्न करून तिथेच स्थिरावला. 1774 मध्ये त्याने एका आजारी बाईच्या शरीराला लोहचुंबक लावून पाहिले आणि तिला बरं वाटलं. पुढे त्याने ठरवलं की चुंबकाचीही गरज नाही, शक्ती आपल्याच शरीरात आहे. विश्वात एक अदृश्य प्रवाह भरलेला आहे, तो शरीरात अडला की आजार होतो आणि हात फिरवून तो मोकळा करता येतो, असा त्याचा सिद्धांत. एनर्जी ब्लॉक झालीये, हे वाक्य आठवलं ना?

1777 मध्ये मारिया थेरेसिया फॉन पॅराडिस ही 18 वर्षांची अंध पियानोवादक त्याच्याकडे आली. तिला थोडं दिसू लागल्याचा दावा त्याने केला. इतर डॉक्टरांना ते पटेना. शेवटी आईवडील तिला घरी घेऊन गेले. तिला पुन्हा काही दिसलं नाही, पण पुढे तिने संगीतात नाव कमावलं. मेस्मरला मात्र व्हिएन्ना सोडावं लागलं.

1778 मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथे त्याची क्रेझ झाली. लाकडाचा मोठा टब, त्यात पाणी, लोहकीस आणि बाटल्या. टबातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया रुग्ण दुखऱ्या जागी लावून बसत. मंद प्रकाश, जांभळट झग्यातला मेस्मर आणि मागे काचेच्या वाद्याचे सूर. एकाला झटके आले की बाकीच्यांनाही येत.

प्रकरण राजा सोळाव्या लुईपर्यंत गेलं. 1784 मध्ये त्याने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, ज्याचं नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला मिळालं तो डॉक्टर गियोतां होता आणि बेंजामिन फ्रँकलिनही होता. गंमत म्हणजे मेस्मरच्या खोलीत वाजणारं ते काचेचं वाद्य फ्रँकलिननेच शोधलेलं!

मेस्मर स्वतः तपासणीला आलाच नाही. त्याचा शिष्य देस्लॉन आला. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका झाडात त्याने शक्ती भरली. मग 12 वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. शक्ती भरलेलं झाड वेगळंच होतं! एका बाईला साध्याच पाण्याच्या कपाने झटके आले. नंतर तिने शक्ती भरलेल्या कपातलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं.

रुग्णांना होणारा त्रास किंवा आराम खोटा आहे, असं समिती म्हणाली नाही. प्रवाह नावाची वस्तू नाही, परिणाम होतो तो कल्पनाशक्ती, स्पर्श आणि एकमेकांच्या अनुकरणातून, असा तिचा निष्कर्ष होता. राजासाठी एक गुप्त अहवालही होता. बहुतेक रुग्ण बायका आणि उपचार करणारे पुरुष, त्यामुळे या उपचारांचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो, असा इशारा त्यात होता. खरं तर तो सगळ्यांना सांगायला हवा होता.

मेस्मर लबाड होता का? मला तसं वाटत नाही. त्याचा स्वतःच्या सिद्धांतावर खरोखर विश्वास होता. देस्लॉनचा सवाल मात्र गुरूपेक्षा चांगला होता: कल्पनेनेच आराम पडत असेल, तर तिलाच औषध म्हणून का वापरू नये? 1840 च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर जेम्स ब्रेडने प्रवाहाची कल्पना बाजूला सारून हिप्नोटिझम, म्हणजे आपलं संमोहन, पुढे आणलं.

मेस्मर 1815 मध्ये, जन्मगावापासून फार लांब नसलेल्या मेअर्सबुर्गमध्ये वारला. त्याने शेवटपर्यंत आपला सिद्धांत सोडला नाही.