अखेनातेन
अखेनातेन (राज्यकाळ: अंदाजे इ.स.पू. १३५३ ते १३३६) हा प्राचीन इजिप्तच्या १८व्या राजवंशातील फॅरो होता. तिसरा आमेनहोतेप व राणी तिये यांचा हा पुत्र चौथा आमेनहोतेप या नावाने गादीवर आला. पाचव्या राज्यवर्षाच्या सुमारास त्याने नाव बदलले आणि सूर्यबिंबरूपी आतेन देवाच्या उपासनेसाठी आखेतातेन (आजचे अमार्ना) ही राजधानी वसवली. आमुन देवाचे नाव मंदिरांच्या भिंतींवरून खोडण्यात आले. राजा व राणी नेफरतिती हेच आतेन आणि प्रजा यांच्यातील दुवा मानले जात. तरीही अमार्नातील सामान्य घरांच्या उत्खननात बेस, तावेरेत या जुन्या देवतांच्या प्रतिमा सापडल्या आहेत. तुतानखामुनच्या काळात आमुनची उपासना पूर्ववत झाली. पुढे पहिल्या सेतीने अबायडोस येथे कोरवलेल्या राजावलीत अखेनातेनचे नाव वगळले गेले.