नांगर विकणारा माणूस

मित्रांनो, आपल्या वर्कशॉपच्या तासाला फाइल घासून घासून हात दुखले की आपण काय म्हणतो? इंजिनिअर व्हायला आलोय, लोहार व्हायला नाही! मग 'जॉब' कुणाकडून तरी पूर्ण करून घ्यायचा आणि सबमिशन उरकायचं. हातानं काम करणं म्हणजे कमीपणा, ही समजूत कुठून आली कोण जाणे. पण आपल्याच महाराष्ट्रात एक असा माणूस होऊन गेला, ज्यानं घामाच्या जोरावर हजारो मुलं शिकवली. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज इथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. कोल्हापूरला ते जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. एकदा ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत या, असा हुकूम झाला. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. मॅट्रिक तर झालीच नाही, पण राजर्षी शाहू महाराजांचा सहवास मिळाला. आपल्या भाषेत सांगायचं तर खरा सिलॅबस तिथेच पूर्ण झाला.

पुढे पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल विकला आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन गावोगाव फिरले. म्हणजे आजच्या भाषेत मार्केटिंगचा जॉब! नांगर चांगला होता. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जायचा. पण तो घेणारा शेतकरी मात्र कर्जाच्या कागदावर न वाचताच अंगठा उठवायचा. नुसता नांगर सुधारून शेतकरी सुधारत नाही, हे भाऊरावांना या भटकंतीत दिसलं. कुठलीही मशीन बनवताना आपण इंजिनिअर मंडळींनी हे लक्षात ठेवायला हवं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी जनता. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे सर्व जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. त्या काळात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवायची! २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

पण मुलांना खायला घालायचं कुठून? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या १९३० साली वारल्या. आपण भाऊरावांचा फोटो लावतो. खरं तर त्याच्या शेजारी लक्ष्मीबाईंचाही फोटो हवा.

भाऊरावांची 'कमवा आणि शिका' योजना म्हणजे फुकटची दया नव्हती. मुलं दगड फोडायची, शेती करायची, इमारतीच्या कामावर राबायची आणि मग अभ्यासाला बसायची. याचं कारण फक्त पैशाची टंचाई हे नव्हतं. स्वतःच्या कष्टानं शिकलेला मुलगा कुणापुढे वाकत नाही, असा त्यांचा विश्वास होता. याच बोर्डिंगमधले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

न वाकण्याची परीक्षा स्वतः भाऊरावांनाही द्यावी लागली. त्यांनी सरकारवर उघड टीका केली आणि १९४८ साली संस्थेचं सरकारी अनुदान बंद झालं. शाळा चालवायच्या कशा? दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. अण्णा अनवाणी पायांनी, खांद्यावर घोंगडी टाकून पुन्हा लोकांकडे गेले. ज्या रयतेसाठी संस्था काढली, तीच रयत मदतीला धावली. पुढे गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना समजावलं आणि अनुदान पुन्हा सुरू झालं.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं या नॉनमॅट्रिक माणसाला डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले. तोपर्यंत संस्थेची शंभरहून जास्त हायस्कूलं उभी राहिली होती. आज साताऱ्यात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. फी वेळेवर भरली जायची, त्यामुळे शिक्षणासाठी कुणाला दगड फोडावे लागतात हे कधी डोक्यातच आलं नाही. पण आपल्या हॉस्टेलवर आजही अशी मुलं आहेत, ज्यांच्या घरी शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्यापैकी कुणी सुट्टीत गावी जाऊन ऊस तोडतो, कुणी रात्री दुकानात काम करतो आणि हे सांगायला लाजतो. मित्रांनो, लाजायचं त्यानं नाही. अण्णांच्या हिशेबात तोच पहिला नंबर!