सगळ्यांना डावात घेणारी डॅनी

आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुटीत वाड्याच्या ओसरीवर दुपारभर पत्ते आणि व्यापार चालायचा. मोठी भावंडे, शेजारची दोन-चार मुले आणि कडेला लुडबुड करणारे एखादे चार-पाच वर्षांचे पोर. त्याला धड पत्ते धरता यायचे नाहीत, पण खेळायचे मात्र असायचे. मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतले जाई. लिंबूटिंबू बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो डावात असतो. हा नियम व्यापाराच्या डब्यातल्या कागदावर छापलेला नव्हता. तरी तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती, कारण आतल्या खोलीत आजी जागी असे.

हे सारे आठवायला निमित्त झाली माझी भाची. वय वर्षे एकोणीस, संगणकशास्त्राची विद्यार्थिनी. गेल्या दिवाळीत ती माझ्याकडे राहायला होती. रात्री जेवणे आटोपली की कानाला हेडफोन लावून ती इंटरनेटवरच्या खेळात रंगून जायची. कुठल्या कुठल्या गावची अनोळखी मुले एकत्र येऊन पाच-पाच जणांचे संघ करतात आणि लढतात, असा तो प्रकार. एका रात्री तिला दूध द्यायला गेले, तेव्हा तिने सोबत्यांना लिहिलेली ओळ पडद्यावर दिसली. थांबा, मी आलो, असे तिने लिहिले होते. मला वाटले, घाईत चूक झाली असेल.

चूक नव्हती. तिथे ती मुलगा म्हणूनच वावरते, हे तिने मला अगदी शांतपणे सांगितले. नाव मुलाचे, आवाज बंद. एकदा चुकून मायक्रोफोन चालू राहिला आणि तिचा आवाज ऐकू गेला. त्यापुढे खेळ बाजूलाच राहिला. एकाने फोन नंबर मागितला, दुसऱ्याने स्वयंपाकघरात जायला सांगितले, तिसरा काय म्हणाला ते तिने मला सांगितले नाही. संघ हरला त्याचे खापरही तिच्याच डोक्यावर फुटले. तेव्हापासून 'आले'चे 'आलो' झाले. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही. आपल्या मराठीत मात्र 'मी' म्हटले की पुढच्याच शब्दाला बोलणारा पुरुष की बाई ते कळून चुकते.

त्याच रात्री तिने मला एका बाईविषयी सांगितले. 'द सिम्स' नावाचा खेळ २०००च्या सुमारास घराघरांतल्या संगणकांवर होता. माझी धाकटी बहीण, म्हणजे हिची आई, तो तासन्‌तास खेळायची. घर बांधायचे, माणसे वसवायची, त्यांचे संसार मार्गी लावायचे. त्याचा कर्ता विल राइट याने तो खेळ डॅनिएल बन्टन बेरी या बाईंच्या स्मृतीला अर्पण केला होता. भाचीच्या लेखी ही डॅनी फार मोठी. मी मात्र नावही ऐकले नव्हते. पुढचे काही आठवडे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले आणि लिहायला बसले, तेव्हा पहिल्याच क्रियापदापाशी अडखळले. कारण डॅनीचा जन्म मुलगा म्हणून झाला होता आणि तिच्या गाजलेल्या खेळांच्या खोक्यांवर डॅन बन्टन हे पुरुषाचे नाव आहे. शेवटी स्वतःची म्हणून जी ओळख तिने जगाला सांगितली, तीच मी पहिल्यापासून धरते आहे.

डॅनीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. सहा भावंडांत ती थोरली. पुढे कुटुंब आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक या गावी आले. घरातले वातावरण नेहमीच सुखाचे होते असे नाही. पण सगळे मिळून खेळायला बसले की ते घर घरासारखे वाटायचे, ही आठवण तिने जन्मभर जपली. तिच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला या एका आठवणीत दिसते.

आर्कान्सा विद्यापीठात शिकत असतानाच तिने सायकलींचे दुकान काढले. १९७४ साली इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी शहरांच्या वाढीची गणिती प्रारूपे करण्याचे काम केले. पण मन रमले ते नुकत्याच घरात येऊ लागलेल्या संगणकात. १९७८ साली तिचा पहिला खेळ बाजारात आला. चौघांनी एका संगणकाभोवती बसून लिलावात बोली लावायची, असा तो खेळ होता. त्यासाठी खास बनवलेली बटणांची पेटी सोबत द्यावी लागे. त्यामुळे किंमत गेली पस्तीस डॉलरवर, आणि त्या काळी इतर खेळ पंधरा डॉलरच्या आसपास प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळत. विकल्या गेल्या जेमतेम पन्नास प्रती. दुसरे कोणी असते तर चौघांचा नाद सोडून एकट्याचा खेळ करायला लागले असते. डॅनीने तसे केले नाही.

पुढे लिटल रॉकमध्येच भाऊ बिल आणि आणखी दोन मित्र यांच्यासह तिने 'ओझार्क सॉफ्टस्केप' नावाचा छोटा गट उभा केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स ही कंपनी तेव्हा नवीन होती. तिच्यासाठी या गटाने १९८३ साली 'म्यूल' हा खेळ केला. म्यूल म्हणजे खेचर. एका ओसाड ग्रहावर चार वसाहतकरी उतरतात, जमिनी घेतात, यांत्रिक खेचरे जुंपून अन्न, ऊर्जा आणि खनिजे काढतात आणि प्रत्येक फेरीअखेर आपसांत लिलाव करून देवघेव करतात. आपल्या व्यापाराचा हा लांबचा भाऊच म्हणायचा. अटारी संगणकाला चार जॉयस्टिक जोडता येत, त्यामुळे चौघांना खांद्याला खांदा लावून बसता येई.

पण व्यापारात आणि यात एक मोठा फरक होता. व्यापारात एकेकाला कंगाल करत शेवटी एकानेच उरायचे असते. 'म्यूल'मध्ये बारा फेऱ्यांनंतर प्रत्येकाची संपत्ती मोजली जाई, तशी सगळ्या वसाहतीची मिळूनही मोजली जाई. शेजाऱ्याला उपाशी मारून पहिला आलात आणि वसाहत बुडाली, तर त्या पहिल्या नंबराला काही अर्थ उरत नसे. शिवाय खेळात अधूनमधून दैवाचे फेरे येत. त्यातले वाईट फेरे सर्वांत मागे असलेल्याच्या वाट्याला येत नसत आणि चांगले फेरे सर्वांत पुढे असलेल्याला मिळत नसत. लिलावात दोघांची बोली सारखी झाली, तर माल मागे पडलेल्याला जाई. हे वाचताना मला आमची ओसरी आठवली. आजीच्या धाकाने चालणारा लिंबूटिंबूचा नियम डॅनीने यंत्रात कायमचा घालून ठेवला होता.

'म्यूल'च्या सुमारे तीस हजार प्रती खपल्या. जाणकारांनी डोक्यावर घेतले, पण पैसा बेताचाच मिळाला. १९८४ साली आलेला 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' हा एकट्याने खेळायचा, नव्या भूमीच्या शोधाचा खेळ मात्र दीड लाखाच्या वर खपला. बाजार स्पष्ट सांगत होता की माणसाला संगणकासमोर एकटे बसवा. डॅनीने १९८६ साली काय केले, तर 'रोबॉट रास्कल्स' नावाचा, सोबत खरे पत्ते दिलेला, सगळ्या कुटुंबाने मिळून खेळायचा खेळ काढला. एकट्याने खेळायची त्यात सोयच नव्हती. तो नऊ हजारांवर थांबला.

मग तिच्या मनाने घेतले की माणसे एका खोलीत जमत नसतील तर त्यांना तारेने जोडावे. १९८८ साली 'मोडेम वॉर्स' आला. दोन गावांतल्या दोघांनी आपापले संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायचे आणि एकमेकांशी लढायचे. झालेला सामना नंतर चित्रपटासारखा पुन्हा पाहण्याची सोयही तिने दिली होती. खेळ संपल्यावर त्याच्या गप्पा मारण्यात अर्धी मजा असते, हे तिला ठाऊक होते. पण मोडेम तेव्हा फार थोड्या घरांत होते. १९९२ साली 'ग्लोबल कॉन्क्वेस्ट'मध्ये तिने चौघांना एकाच वेळी तारेने जोडले. आज कोट्यवधी मुले रात्रंदिवस जे करतात, ते ही बाई बाजारात गिऱ्हाईक नसताना करत होती.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि डॅनिएल हे नाव धारण केले. वय त्रेचाळीस. तीन लग्ने होऊन गेलेली, तीन मुले. संगणक-खेळांच्या व्यवसायात तेव्हा बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातले स्त्रियांचे प्रमाण सुधारावे म्हणून आपण हे केले, असा विनोद ती स्वतःवरच करायची. पण विनोदामागचे दिवस सोपे नव्हते. जवळची काही माणसे दुरावली, कामे कमी झाली. याची किंमत आपल्या अंदाजापेक्षा फार मोठी निघाली, आपण घाई केली, दुसरा काही मार्ग असेल तर तो आधी शोधा, असे तिने याच वाटेवर उभ्या असलेल्यांना मोकळेपणाने लिहून कळवले. या लिखाणाचा उपयोग पुढे दोन्ही बाजूंनी भांडायला केला गेला. मला त्यात भांडण दिसत नाही. स्वतःच्या आयुष्याविषयी गोडगोड न बोलणारा एक प्रामाणिक माणूस दिसतो. ती डॅनी म्हणूनच जगली आणि डॅनी म्हणूनच गेली.

या काळातली एक गोष्ट मला तिच्या सगळ्या खेळांइतकी मोलाची वाटते. १९९३च्या सुमारास 'म्यूल' सेगा कंपनीच्या नव्या यंत्रावर आणायचे घाटत होते. त्यात बंदुका आणि बाँब घाला, अशी मागणी आली. काम कमी झालेले, पैशाची गरज असलेली. तरी तिने नकार दिला आणि ती आवृत्ती आलीच नाही. शेजाऱ्याशी घासाघीस करायची, त्याच्यावर गोळी झाडायची नाही, हा त्या खेळाचा प्राण होता. तो तिने विकला नाही.

१९९७ साली 'मोडेम वॉर्स' नव्या रूपात इंटरनेटवर आला. तोवर मोडेम घरोघर पोहोचू लागले होते. जग तिच्या वाटेला लागले होते आणि तिच्याकडचा वेळ मात्र संपत आला होता. खूप सिगारेटी ओढण्याची सवय होती, फुप्फुसाचा कर्करोग झाला. मे १९९८ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या संघटनेने तिला जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ जुलै १९९८ रोजी ती गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. दीड वर्षाने 'द सिम्स' आला. तो खेळणाऱ्यांत मुली आणि बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यात कोणी कोणावर प्रेम करावे याला आडकाठी नव्हती. अर्पण करायला याहून योग्य खेळ मिळाला नसता. २००७ साली या व्यवसायाच्या अकादमीने तिला आपल्या सन्माननीयांच्या यादीत घेतले.

तिने पाहिलेले स्वप्न खरे झाले, पण अर्धेच. तारा जोडल्या गेल्या, माणसे एकत्र आली. ओसरीवरची रीत मात्र तारेतून पलीकडे गेली नाही. २०१४ साली अमेरिकेत खेळ बनवणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या काही स्त्रियांना इतक्या धमक्या आल्या की त्यांच्यावर राहते घर सोडायची वेळ आली. ज्या माध्यमाची एक जननी डॅनी, त्यात आज डॅनीसारखीला आणि माझ्या भाचीला आपला आवाज लपवावा लागतो. समोरचा दिसत नाही म्हणून हे होते, असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. डॅनीने दाखवून दिले की मागे पडलेल्याशी कसे वागायचे हे नियमातही लिहिता येते. आपण लिहिले नाही, एवढेच.

भाची आता मैत्रिणींचा एक गट जमवून खेळते. त्यात एक अगदीच नवखी मुलगी आहे, तिच्यामुळे त्या सारख्या हरतात, पण तिला काढत नाहीत. आमच्या काळी याला लिंबूटिंबू म्हणत, असे मी सांगितल्यावर ती खूप हसली. अनोळखी संघात गेली की मात्र ती अजून 'आलो' असेच लिहिते. त्याबद्दल तिला बोल लावायला माझी जीभ धजत नाही. डाव कसा चालावा हे लिंबूटिंबूने ठरवायचे नसते.

तुमच्या घरातही रात्री कोणी मुलगा हेडफोन लावून बसत असेल. तो काय खेळतो हे कळले नाही तरी चालेल. तो कोणाशी काय बोलतो, हे कधीतरी दाराशी उभे राहून ऐका. आतल्या खोलीत कोणीतरी जागे आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.